ट्रॅप कॅमेऱ्याची निवड : प्रश्न, साधन आणि पुरावा

वनातील पायवाटेच्या कडेला झाडाच्या खोडास बांधून ठेवलेला आणि माणसाच्या गैरहजेरीत आपण होऊन छायाचित्र घेणारा कॅमेरा हे वन्यप्राण्यांच्या अभ्यासाचे आता रूढ साधन झालेले आहे. मराठी वृत्तपत्रांत आणि वनखात्याच्या नित्याच्या बोलण्यात त्यास ‘ट्रॅप कॅमेरा’ असे म्हणतात. नावात सापळ्याचा उल्लेख असला, तरी या सापळ्यात प्राणी सापडत नाही. सापडते ती त्याची प्रतिमा आणि तिच्या सोबतीने नोंदलेली तारीख व वेळ. म्हणजे हे साधन मूलतः पुरावा गोळा करण्याचे साधन आहे, आणि पुराव्याच्या साधनाची परीक्षा ज्या कसोट्यांवर करावयाची, त्याच कसोट्यांवर त्याचीही परीक्षा करावयास हवी.

प्रत्यक्षात मात्र ही निवड पुष्कळदा किंमत, चित्रातील बिंदूंची संख्या आणि विक्रेत्याची शिफारस यांवरून केली जाते. संशोधनाचा आराखडा मागाहून येतो, आणि हाती असलेल्या कॅमेऱ्याला जे दिसते तेवढेच वनात आहे असा निष्कर्ष नकळत काढला जातो. ट्रॅप कॅमेऱ्यांचे प्रमुख प्रकार कोणते, त्यांच्या रचनेतील कोणत्या भेदामुळे पुराव्याचे स्वरूप बदलते आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणता प्रकार योग्य ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. पूर्वपीठिका

प्राण्यानेच स्वतःचे छायाचित्र काढावे ही कल्पना शंभराहून अधिक वर्षांची आहे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिशिगन राज्यातील वनात आडव्या दोरीस कॅमेरा व प्रकाशाची दारू जोडून रात्रीची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी ७० हून अधिक छायाचित्रे १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात प्रसिद्ध झाली. भारतात हे काम वनसेवेतील अधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी त्या वेळच्या संयुक्त प्रांतात केले. वाघाचा पाय तारेवर पडताच कॅमेऱ्याची झडप उघडावी अशी त्यांची योजना होती. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे वनातील मोकळ्या वाघाची रात्रीची छायाचित्रे वाचकांपुढे आली. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांवरून एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो, हेही त्यांच्या ध्यानात आले होते.

या निरीक्षणाला गणिताची जोड मिळावयास मात्र बराच काळ जावा लागला. कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंत यांनी ट्रॅप कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून वाघ ओळखले आणि ‘पकड व पुनर्पकड’ या संख्याशास्त्रीय पद्धतीने त्यांच्या संख्येचा अंदाज केला. हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत देशातील व्याघ्रगणना मुख्यत्वे पाऊलखुणांवर अवलंबून होती. २००५ मध्ये राजस्थानातील सारिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, आणि कागदावर वाघ असणे व वनात वाघ असणे या दोन गोष्टींतील अंतर देशाला दिसले. २००६ पासून राष्ट्रीय व्याघ्रगणनेत ट्रॅप कॅमेऱ्यांचा पद्धतशीर उपयोग होऊ लागला. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले व सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांतील वाघांची छायाचित्रे ७६,६५१ होती. २०२२ मध्ये ही ठिकाणे ३२,५८८ झाली.

हे आकडे एका दृष्टीने बोलके आहेत. साडेतीन कोटी छायाचित्रांत वाघ पाऊण लाख, म्हणजे सुमारे साडेचारशे छायाचित्रांत एक. उरलेल्या छायाचित्रांत इतर प्राणी, पाळीव गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत यांचा समावेश होतो. कॅमेरा काय टिपतो हे त्याच्या मालकाच्या हेतूवर नव्हे, तर त्याच्या संवेदकाच्या रचनेवर अवलंबून असते. म्हणून विवेचनाचा आरंभ संवेदकापासून करणे इष्ट होय.

२. कॅमेऱ्यास प्राणी कसा ‘कळतो’

आजच्या बहुसंख्य ट्रॅप कॅमेऱ्यांत निष्क्रिय अवरक्त संवेदक असतो. निष्क्रिय म्हणावयाचे ते अशासाठी की, तो स्वतः कोणताही किरण सोडत नाही. समोरून येणारे उष्णतेचे प्रारण केवळ ग्रहण करतो. सुमारे ३७ अंश तापमानाच्या शरीरातून निघणारे प्रारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते आणि संवेदक नेमका याच पट्ट्यात काम करतो. त्याच्या पुढे बसविलेले खाचांचे प्लास्टिकचे भिंग समोरच्या क्षेत्राचे अनेक उभे पट्टे पाडते. सर्व क्षेत्राचे तापमान सारखेच वाढले वा उतरले, तर संवेदकाच्या दोन भागांतील परिणाम परस्परांना छेद देतात आणि काहीच घडत नाही. एखादे शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेले, म्हणजे दोन भागांत तफावत उत्पन्न होते आणि कॅमेरा चालू होतो.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, हा संवेदक केवळ उष्णता ओळखत नाही किंवा केवळ हालचालही ओळखत नाही. पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाच्या पृष्ठभागाची हालचाल ओळखतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापत जाणाऱ्या जमिनीचे तापमान सकाळी केव्हातरी प्राण्याच्या त्वचेच्या तापमानाइतके होते, पुढे त्याहून वाढते आणि सायंकाळी पुन्हा तेथूनच खाली उतरते. ज्या काळात ही दोन्ही तापमाने जवळजवळ सारखी असतात, त्या काळात समोरून गेलेला प्राणी संवेदकाच्या लेखी गेलेलाच नसतो. उलटपक्षी, उन्हाने तापलेली फांदी वाऱ्याने हलली की प्राणी नसतानाही छायाचित्र निघते. एकाच कॅमेऱ्याने डिसेंबरात व मे महिन्यात घेतलेल्या छायाचित्रांच्या संख्यांची सरळ तुलना करून प्राणी वाढले वा घटले असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे असते.

दुसरी गोष्ट दिशेची. पट्टे उभे असल्यामुळे आडवा जाणारा प्राणी चटकन कळतो. सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारा उशिरा कळतो. तिसरी गोष्ट प्राण्याच्या जातीची. साप, सरडे, बेडूक यांच्या शरीराचे तापमान परिसरासारखेच असल्याने हा संवेदक त्यांच्या बाबतीत बहुधा मुका राहतो. अशा प्राण्यांच्या अभ्यासासाठी दोन पर्याय आहेत. एक म्हणजे सक्रिय संवेदक : वाटेच्या एका बाजूस किरण सोडणारे यंत्र व दुसऱ्या बाजूस तो घेणारे यंत्र ठेवावयाचे, आणि मधला किरण तुटला की छायाचित्र घ्यावयाचे. येथे तापमानाचा प्रश्नच उरत नाही. पण दोन्ही यंत्रे एका रेषेत राखणे कष्टाचे असते आणि गळणारे पानही किरण तोडते. दुसरा पर्याय म्हणजे ठरावीक अंतराने, प्राणी असो वा नसो, छायाचित्र घेत राहणे. गवताळ माळावरील काळविटांचे कळप किंवा पाणथळीवरील पक्षी यांच्यासाठी ही रीत उपयोगी पडते. मात्र छायाचित्रांचा ढीग तपासण्याची तयारी हवी.

भाषिक सर्वेक्षण करणाऱ्यास ठाऊक असते की, एखादा शब्द नोंदवहीत आढळला नाही, एवढ्यावरून तो बोलीत नाही असे म्हणता येत नाही. विचारण्याची रीत चुकली असेल, तर असलेला शब्दही निसटतो. ट्रॅप कॅमेऱ्याच्या नोंदीलाही हाच नियम लागू आहे. ‘न टिपला गेलेला’ आणि ‘नसलेला’ हे दोन भिन्न वर्ग आहेत, आणि त्यांतील अंतर किती आहे हे प्रामुख्याने संवेदक ठरवितो.

३. वेग आणि दृष्टिक्षेत्र

संवेदक जागा झाल्यापासून प्रत्यक्ष छायाचित्र निघेपर्यंत जो काळ जातो, त्यास प्रतिसादकाळ म्हणता येईल. निरनिराळ्या कॅमेऱ्यांत तो सेकंदाच्या दहाव्या भागापासून एक सेकंदाहून अधिक असू शकतो. हा भेद क्षुल्लक वाटतो. पण साधा हिशेब केला असता त्याचे महत्त्व ध्यानात येते. कॅमेऱ्याचे दृष्टिक्षेत्र ४० अंशांचे असेल, तर ३ मीटर अंतरावर त्याची रुंदी सुमारे २.२ मीटर भरते. ताशी ४ किलोमीटर वेगाने चालणारा प्राणी एका सेकंदात १.१ मीटर पुढे जातो. तो मध्यावर असताना संवेदक जागा झाला आणि प्रतिसादास एक सेकंद लागला, तर त्याचे तोंड चित्राच्या कडेबाहेर पोहोचलेले असते व हाती शेपटाकडील भाग लागतो. प्रतिसादकाळ पाव सेकंद असेल, तर तोच प्राणी मध्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर सापडतो. पाणवठ्यावर किंवा खाद्याजवळ प्राणी रेंगाळतो, तेथे मंद कॅमेराही चालतो. पायवाटेवर मात्र प्रतिसादकाळ हा पहिल्या कसोट्यांपैकी एक मानावयास हवा.

एक छायाचित्र घेतल्यानंतर दुसऱ्यासाठी सज्ज होण्यास लागणारा काळही तितकाच महत्त्वाचा आहे. वाघिणीमागून बछडे एकामागोमाग चालत असतील, किंवा रानकुत्र्यांची टोळी जात असेल, तर पहिल्या छायाचित्रानंतर दीर्घ विश्रांती घेणारा कॅमेरा कुटुंबाचा केवळ प्रमुख नोंदवितो आणि टोळीचा एकटा प्राणी करतो.

याउलट ज्या गुणाची जाहिरात सर्वाधिक होते, तो चित्रातील बिंदूंच्या संख्येचा गुण पुष्कळ अंशी फसवा आहे. अनेक कॅमेऱ्यांत प्रत्यक्ष प्रकाशग्राहक लहान असतो आणि छापील आकडा हा मधले बिंदू गणिताने भरून वाढविलेला असतो. त्यामुळे चित्राचा आकार वाढतो, तपशील वाढत नाही. कागदावरील आकड्यापेक्षा त्याच कॅमेऱ्याने रात्री घेतलेले चालत्या प्राण्याचे एक छायाचित्र पाहणे अधिक विश्वसनीय होय.

४. रात्रीचा प्रकाश

बहुतेक मांसाहारी प्राणी रात्री हिंडतात. म्हणून कॅमेऱ्यांचा सर्वांत महत्त्वाचा प्रकारभेद प्रकाशयोजनेवरून पडतो. याचे तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग पांढऱ्या प्रकाशाचा. यातही झेनॉन वायूच्या नळीचा झोत हा विशेष प्रकार आहे. त्याचा कालावधी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे चालता प्राणी जणू गोठल्यासारखा स्पष्ट उमटतो आणि चित्र रंगीत येते. दोष असा की, झोतासाठी विद्युत् पुन्हा साठविण्यास वेळ लागतो आणि प्राण्याच्या डोळ्यांवर प्रकाश पडतो. पांढऱ्या एल.ई.डी. दिव्यांच्या कॅमेऱ्यात सज्जताकाळ कमी असतो. परंतु प्रकाश मंद असल्याने झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते.

दुसरा वर्ग सुमारे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त दिव्यांचा. चित्र कृष्णधवल येते, पल्ला बरा असतो. मात्र कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्यास तांबूस ठिणग्यांसारखा मंद प्रकाश दिसतो. तिसरा वर्ग ९४० नॅनोमीटरच्या दिव्यांचा. हा प्रकाश माणसाच्या डोळ्यास जवळजवळ दिसतच नाही. पण याच तरंगलांबीस प्रकाशग्राहकाची संवेदनक्षमताही कमी असते. त्यामुळे पल्ला घटतो, चित्र रवाळ होते आणि चालता प्राणी पुसट उमटतो.

अदृश्य प्रकाशाचा कॅमेरा प्राण्यास कळतच नाही, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रॅप कॅमेऱ्यांचा आवाज सस्तन प्राण्यांच्या श्रवणक्षेत्रात व प्रकाश त्यांच्या दृष्टीच्या कक्षेत येऊ शकतो असे दाखविण्यात आले. कॅमेऱ्यातील गाळणी दिवसाच्या स्थितीतून रात्रीच्या स्थितीत सरकते तेव्हाही बारीक खट् असा आवाज होतो. म्हणून प्रकारांची तुलना ‘कळणारा’ आणि ‘न कळणारा’ अशी न करता, ‘अधिक बिचकविणारा’ आणि ‘कमी बिचकविणारा’ अशी करणे युक्त ठरेल.

५. पुसट चित्राची किंमत

वरील भेद केवळ चित्राच्या सौंदर्याचा आहे असे कोणास वाटेल. तसे नाही, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका वनात पहिल्या फेरीत २० निरनिराळे वाघ ओळखले गेले. दुसऱ्या फेरीतही २० ओळखले गेले व त्यांपैकी १० पहिल्या फेरीतलेच होते. पकड व पुनर्पकड पद्धतीचे सर्वांत साधे सूत्र असे : दोन्ही फेऱ्यांतील संख्यांचा गुणाकार करून त्यास दोन्हींत आढळलेल्यांच्या संख्येने भागावयाचे. वीस गुणिले वीस भागिले दहा, म्हणजे वनातील वाघांचा अंदाज ४०.

आता समजा, पुन्हा आढळलेल्या दहांपैकी दोघांची चित्रे पुसट आली आणि अभ्यासकाने त्यांना नवे वाघ मानले. दुसऱ्या फेरीतील संख्या २० च राहते. दोन्हींत आढळलेले मात्र ८ होतात. चारशे भागिले आठ, म्हणजे अंदाज ५०. दोन पुसट चित्रांनी कागदावर दहा वाघ जन्मास घातले. हेच पुसट चित्र अभ्यासकाने ओळखण्याचा अट्टहास न करता बाजूस ठेवले असते, आणि वगळलेल्या दोन चित्रांत एक जुना व एक नवा वाघ असता, तर वीस गुणिले अठरा भागिले नऊ, म्हणजे अंदाज ४० च आला असता. फक्त त्याची निश्चिती थोडी कमी झाली असती. शंकास्पद चित्र वगळल्याने ज्ञान कमी होते. चुकीने वाचल्याने ते खोटे होते. प्रत्यक्षातील गणनेची सूत्रे याहून पुष्कळ गुंतागुंतीची असतात, परंतु दोषाची दिशा हीच राहते. सारिस्काचा धडा नव्या यंत्राने विसरावयाचा नसेल, तर हा भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

यावरून झेनॉन झोताचाच कॅमेरा सर्वत्र घ्यावा असे म्हणण्याचा मोह होईल. पण येथे दुसरी अडचण उभी राहते. नेपाळमधील बर्डिया येथील वाघांच्या अभ्यासात, कॅमेऱ्याचा एकदा अनुभव आल्यानंतर वाघ त्या जागा टाळू लागतात असे आढळले. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राणी दुसऱ्या फेरीत कॅमेरा टाळू लागला, म्हणजे दोन्हींत आढळणाऱ्यांची संख्या घटते आणि साध्या सूत्राने काढलेला अंदाज पुन्हा फुगतो. म्हणजे मंद प्रकाशाने ओळख चुकते आणि प्रखर प्रकाशाने वर्तन बदलते. दोन्ही दोषांचा परिणाम एकाच दिशेस होतो. यांतून संपूर्ण सुटका करणारा कॅमेरा नाही. वाघ, बिबट्या, पट्टेरी तरस यांसारख्या अंगावरील खुणांनी ओळखता येणाऱ्या प्राण्यांच्या गणनेत ओळख हाच सर्व हिशेबाचा पाया असल्याने स्पष्ट चित्रास अग्रक्रम द्यावा, आणि बिचकण्याचा परिणाम विचारात घेणारी सूत्रे वापरून दुसरा दोष सावरावा, हा मार्ग त्यातल्या त्यात सयुक्तिक आहे.

येथे व्यवच्छेदक लक्षणाचा विचार उपयोगी पडतो. दोन ध्वनी वेगळे ठरविण्यास त्यांचे सर्व गुण नव्हे, तर नेमका भेद करणारा गुण टिपला जाणे आवश्यक असते. वाघाच्या बाबतीत हा गुण म्हणजे कुशीवरील पट्टे. आणि डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे एकसारखे नसतात. एका बाजूस एकच कॅमेरा असेल, तर एका वाघाची डावी कुशी व दुसऱ्या ठिकाणी टिपलेली उजवी कुशी एकाच प्राण्याच्या आहेत हे कळण्यास मार्ग राहत नाही. म्हणून व्याघ्रगणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंस जोडीने कॅमेरे लावतात. एकाचा झोत दुसऱ्याच्या भिंगात जाऊ नये यासाठी ते किंचित पुढेमागे ठेवतात व उंची साधारणतः माणसाच्या गुडघ्याइतकी राखतात. दोन साधारण कॅमेरे योग्य रीतीने लावणे हे एका उंची कॅमेऱ्यापेक्षा येथे अधिक फलदायी ठरते.

६. प्रश्नानुसार निवड

ज्या अभ्यासात प्राण्याची व्यक्तिशः ओळख करावयाची नसून, कोणत्या जाती आहेत एवढेच पाहावयाचे आहे, तेथे निवडीचा तोल बदलतो. सह्याद्रीतील दाट वनात पिसोरी, भेकर, उदमांजर, साळिंदर यांची नोंद घ्यावयाची असेल, तर कृष्णधवल चित्र पुरते. प्रखर झोताची गरज राहत नाही आणि अवरक्त प्रकाशाचा, संवेदनक्षम व दीर्घकाळ चालणारा कॅमेरा अधिक ठिकाणी ठेवणे लाभदायक ठरते. पिसोरीसारख्या लहान प्राण्यासाठी उंची मात्र कमी करावी लागते. गुडघ्याच्या उंचीवरील कॅमेऱ्याखालून तो बिनदिक्कत निघून जातो.

वस्तीलगतच्या प्राण्यांचा प्रश्न आणखी निराळा. अकोले तालुक्यातील उसाच्या शेतीच्या प्रदेशात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॅप कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरमागे ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि तितकेच प्रौढ तरस असल्याचा अंदाज त्यातून निघाला. बिबट्या हा वनातून चुकून आलेला प्राणी आहे, या समजुतीस या पुराव्याने धक्का दिला. अशा प्रदेशात पांढरा झोत रात्री शेतावर पाणी देण्यास जाणाऱ्यांच्या नजरेस येतो. कॅमेरा चोरीस जाण्याचा संभव वाढतो. पण बिबट्याचे ठिपके ओळखावयाचे असतील, तर त्या झोताचा लाभही सोडवत नाही. अशा वेळी लोखंडी पेटी, साखळी आणि त्याहीपेक्षा शेतमालकाची संमती व सहकार्य यांवर अभ्यासाचे यश अवलंबून राहते.

प्राणी आल्याची वार्ता तत्काळ मिळावी, असा हेतू असेल तर मोबाइलच्या जाळ्यावरून चित्र पाठविणारे कॅमेरे निवडावे लागतात. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कान्हा–पेंच परिसरात, चित्रातील प्राणी यंत्रानेच ओळखून वाघाचे चित्र काही क्षणांत पाठविणाऱ्या कॅमेऱ्यांचा प्रयोग झाला. गावाच्या वेशीवरील इशाऱ्यासाठी हा प्रकार निःसंशय मोलाचा आहे. तथापि त्यास विजेची भूक अधिक असते आणि जेथे मोबाइलचे जाळे पोहोचत नाही, तेथे तो साध्या कॅमेऱ्याहून अधिक काही करू शकत नाही. गणनेसाठी वार्ता आजच मिळण्याचे कारण नसते. इशाऱ्यासाठी चित्र सुंदर असण्याचे कारण नसते. हे दोन हेतू एकाच यंत्राच्या गळ्यात बांधले, की दोन्हींची हानी होते.

विद्युत्घट, साठवणपत्र आणि हवामान यांचा विचार शेवटी येतो, पण तो टाळता येत नाही. पुन्हा भरता येणाऱ्या निकेलच्या घटाचा दाब सुमारे १.२ व्होल्ट, तर साध्या अल्कलाइन घटाचा १.५ व्होल्ट असतो. काही कॅमेरे कमी दाबावर रात्रीचा झोत मंद करतात व त्यामुळे मोहिमेच्या उत्तरार्धातील चित्रे पूर्वार्धापेक्षा निकृष्ट येतात. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंगावर बाष्प धरते. मुंग्या पेटीत घर करतात. घड्याळ चुकीचे लावलेला कॅमेरा तर सर्वांत घातक, कारण त्याची चित्रे उत्तम दिसतात आणि वेळ खोटी सांगतात.

७. कॅमेऱ्यापुढे येणारी माणसे

आतापर्यंतच्या विवेचनात कॅमेऱ्यापुढून प्राणीच जातात असे गृहीत धरले आहे. वस्तुतः भारतातील बहुतेक वनांत माणसे वावरतात. सरपण, मोहफुले, तेंदूपाने गोळा करणाऱ्या स्त्रिया त्याच पायवाटांनी जातात. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी जनांचे कित्येक हक्क मान्य केलेले आहेत. म्हणजे त्या वाटेवर त्या आगंतुक नव्हेत.

उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी केलेला व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने विचारप्रवर्तक आहे. त्या भागातील स्त्रिया वनात जाताना मोठ्याने बोलत व गाणी म्हणत. त्यात सोबत होती, मोकळेपणा होता आणि आवाजाने वन्यप्राणी दूर राहतील ही दक्षताही होती. कॅमेरे लागल्यावर आपण पाहिले जात आहोत या जाणिवेने त्या हळू बोलू लागल्या, गाणी थांबली. एका स्त्रीचे खाजगी स्थितीतील छायाचित्र समाजमाध्यमांवर पसरल्याचा प्रकारही या अभ्यासात नोंदविलेला आहे. वाघाच्या रक्षणासाठी लावलेल्या यंत्राने माणसाचा आवाज बंद करावा आणि त्यायोगे तिचाच धोका वाढवावा, ही गोष्ट यंत्र निवडणाऱ्याने नजरेआड करण्यासारखी नाही.

कॅमेऱ्याच्या प्रकाराचा या प्रश्नाशी प्रत्यक्ष संबंध आहे. न दिसणाऱ्या प्रकाशाचा कॅमेरा चोरापासून सुरक्षित खरा, पण तो सामान्य माणसापासूनही लपलेला असतो. चित्र तत्काळ पाठविणारा कॅमेरा इशाऱ्यास उपयोगी खरा, पण त्याची चित्रे किती हातांतून जातात यावर बंधन ठेवणे अवघड असते. म्हणून पाणवठ्याजवळची आडोशाची जागा टाळणे, रोजच्या वहिवाटीच्या वाटेवर दिवसा कॅमेरा बंद राहील अशी वेळ लावणे, माणसांची चित्रे प्रथमच वेगळी काढून नष्ट करण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपविणे, या गोष्टी आराखड्याचाच भाग व्हावयास हव्यात. कॅमेरा कोठे व कशासाठी आहे हे गावास आधी सांगणेही आवश्यक आहे, आणि ते गावाच्या भाषेत सांगणे आवश्यक आहे. मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीच्या दक्षिणेस माडियात तोंडी सांगितलेले चार शब्द झाडावर लावलेल्या छापील मराठी पाटीपेक्षा अधिक दूर पोहोचतात.

८. समारोप

तात्पर्य, निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम प्रश्न निश्चित करावा : जातीची नोंद, व्यक्तींची गणना, वर्तनाचा अभ्यास की तत्काळ इशारा. त्यानंतर त्या प्रश्नाचे व्यवच्छेदक लक्षण कोणते आणि ते चित्रात कोणत्या स्पष्टतेने उमटावयास हवे, हे ठरवावे. त्यावरून प्रकाशयोजना, मग जागेवरून संवेदक व प्रतिसादकाळ, आणि अखेरीस उपलब्ध निधीत किती कॅमेरे बसतात हे पाहावे. एकाच अभ्यासात निरनिराळ्या प्रकारांचे कॅमेरे मिसळणे शक्यतो टाळावे. ते अपरिहार्य असेल, तर कोणते छायाचित्र कोणत्या प्रकारच्या कॅमेऱ्याने घेतले हे नोंदीत लिहावे, कारण त्यावाचून दोन स्थळांतील अंतर वनाचे आहे की यंत्राचे, हे पुढील अभ्यासकास कळणार नाही. नवीन कॅमेरा वनात नेण्यापूर्वी विभागाच्या आवारात रात्री एखाद्या माणसास अथवा पाळीव कुत्र्यास त्याच्यापुढून निरनिराळ्या अंतरांवरून चालावयास लावून मिळालेली चित्रे तपासणे, ही एका सायंकाळची चाचणी विक्रेत्याच्या सर्व तक्त्यांपेक्षा अधिक सांगून जाते.

ट्रॅप कॅमेऱ्याच्या छायाचित्रास साक्षीचे मोल आहे; पण प्रत्येक साक्षीदारास काही दिसते आणि काही दिसत नाही. त्यास काय दिसू शकत नव्हते, हे ज्या अहवालात नोंदविलेले असते, त्याच अहवालातील आकड्यांवर वाघांविषयी, बिबट्यांविषयी आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांविषयी निर्णय घेणे उचित होय.